आम्हीपण पाटीलच!

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मग मधे मधे मला थांबवू नका. कारण मी जो घोळ घातलाय ना, तसा अख्ख्या बदलापुरात कुणी घातला नसेल. लोक न बोलावता दुसऱ्याच्या लग्नात जेवून येतात. मी दुसऱ्याच्या मयतीत रडून आले! आणि नुसती रडले नाही हो. त्या घरची सून होऊन आले!

थांबा, पहिल्यापासून सांगते. चहा गार होऊ देऊ नका.

लग्न होऊन मी कराडकडच्या गावातनं आले ती थेट बेलवलीत. नवी बिल्डिंग, वरच्या मजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर. आमचे हे अंबरनाथला कंपनीत. कधी पहिली पाळी, कधी दुसरी, कधी तिसरी. घरात असले की झोपलेले, जागे असले की कंपनीत. पिंकी तेव्हा नुकती बसायला लागली होती. दिवसभर ती आणि मी. मी बोलायची, ती थुंकीचे फुगे काढायची. तिचं उत्तर तेवढंच.

खालच्या मजल्यावर एक सिंधी भाभी होत्या. पण त्या सकाळीच कुलूप लावून उल्हासनगरला दुकानावर जायच्या, त्या दिवेलागणीला परत. बाकीच्या खोल्या रिकाम्याच. माझ्या शेजारच्या दाराला तर बिल्डरचं कुलूप!

आणि मी मुळातच घाबरट. पिंकी झोपली की तिच्या नाकाखाली बोट धरून बघायची, श्वास चाललाय ना? स्टोव्ह विझवला तरी दोनदा फुंकर मारायची. एक विचार तर रोज यायचा. समजा मी चक्कर येऊन पडले, तर ह्या पोरीला उचलणार कोण? ह्यांना विचारलं.

हे म्हणाले, "शेजारी हाक मारायची."

"शेजारी कुलूप आहे."

"मग चक्कर येऊ देऊ नकोस," असं म्हणून हे कुशीवर वळले.

आमच्या गावी असं नव्हतं हो. सासरच्या आळीत सगळे पाटील. एक पाटलीण बाळंत झाली की दुसरी तिच्या डोक्याला तेल लावणार, तिसरी बाळाची धुरी करणार. एका घरात कुणी गेलं की अख्ख्या आळीला सुतक. कुणाच्याही देवापुढं दिवा नाही, कुणाच्याही डोक्याला तेल नाही. माहेरी तसंच. आम्ही जगदाळे, आणि गावात जेवढे जगदाळे तेवढे माझे चुलते नाहीतर चुलत चुलते. त्यामुळं माझ्या डोक्यात एक गोष्ट खिळा मारल्यासारखी पक्की होती. एक आडनाव म्हणजे एक रक्त. मी शिकले सातवी. सातवीपर्यंतच्या पुस्तकात ह्याच्या उलट काही लिहिलेलं नव्हतं!

भाभींनी एकदा विचारलंही होतं. जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "हमारे में तो परदादा का जो नाम, उसके पीछे 'आणी' लगा दिया, हो गया खानदान. तुम्हारे में पाटील कौन था?"

मी म्हटलं, "सगळेच!"

भाभी हसल्या आणि गेल्या. मला वाटलं, काय पण विचारतात!

तर आमच्या बिल्डिंगकडनं बाजाराला जाताना जुनं बेलवली गाव लागतं. तिथं एक कौलारू घर, मोठी ओटी, दारात तुळस. आणि दारावर पाटी. पाटील!

ती पाटी पहिल्यांदा वाचली तेव्हा माझ्या छातीत कसं झालं म्हणून सांगू! परक्या गावात आपलं घर! त्यानंतर रोज काहीतरी निमित्त काढून मी त्या रस्त्यानं जायची. मीठ संपलं नसलं तरी मीठ आणायची. पिंकीला सांगायची, "बघ, ते आपलं. आपले भाऊबंद." पिंकी फुगा काढायची.

पण आत कशी जाणार? आमच्याकडं भाऊबंदांच्या घरी सुनेनं असं उगाच उठून जायचं नसतं. हळदीकुंकू पाहिजे, बारसं पाहिजे, बोलावणं पाहिजे. आणि बोलावणार कोण, त्यांना मी माहीतच नाही तर?

आणि मग एके सकाळी दूध घेऊन येताना बघते तर त्या घरापुढं माणसं. डोक्याला टॉवेल गुंडाळलेली. एकजण बांबू घेऊन चाललेला. एका बाईला विचारलं तर म्हणाली, "म्हातारा गेला गो, पाटलांचा."

देवा, मला माफ कर, पण खरं ते सांगते. माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? की आता जाता येईल! कारण बाकी सगळ्याला बोलावणं लागतं, मयताला लागत नाही. मयताला बोलावण्याची वाट बघणारा भाऊबंद कसला? उलट न गेलं तर नातं तुटतं.

धावतच घरी आले. देवापुढचा दिवा शांत केला. जुनं पातळ नेसले. पिंकीला काखेत मारलं. जिन्यात भाभी कुलूप लावत होत्या. माझा अवतार बघून म्हणाल्या, "क्या हुआ?"

म्हटलं, "आमच्यात गमी झाली."

"अरे रे रे!" भाभींनी डोक्यावर ओढणी घेतली. "तुम चूल्हा मत जलाना आज. मैं देखती हूँ."

मी पोचले तोवर पुरुषमाणसं म्हाताऱ्याला घेऊन गेली होती. ओटीवर कुणी नाही. आत बायका बसलेल्या. त्यांचं रडून झालेलं, सगळ्या दमून भिंतीला टेकलेल्या, अगदी चिडीचूप. आता आमच्याकडची रीत अशी की येणाऱ्या बाईनं उंबऱ्यातनंच सूर लावायचा. गप्प आत गेलं तर लोक म्हणतात, हिला काही वाटलंच नाही. आणि सासरच्या भावकीतला कुणीही म्हातारा म्हणजे सुनेचा मामंजीच. सासऱ्याला म्हणतात तेच.

मी उंबऱ्यात पाय ठेवला आणि सूर लावला. "अवो मामंजीऽऽ! असं कसं सोडून गेला वो आमाला!"

सगळ्या बायका ताडकन सरळ बसल्या.

मला वाटलं, बरोबर चाललंय. मी आणखी वर चढवला. "नातीचं तोंड तरी बघायचं होतं वो मामंजी!"

आणि काय झालं कुणास ठाऊक, मला खरंच रडू फुटलं. इतके महिने आत कुठं साठलं होतं देव जाणे! कोपऱ्यात सगळ्यात म्हातारी दिसली तिच्या गळ्यात पडले आणि जी रडले, जी रडले, की पदर पिळावा. ज्यांचं माणूस गेलं होतं त्यासुद्धा एवढ्या रडल्या नसतील.

जरा हुंदके कमी झाले तेव्हा लक्षात आलं की खोलीत माझ्याशिवाय कुणाचाच आवाज नाही.

जिच्या गळ्यात पडले होते ती मयताची बहीण निघाली. तिला सगळ्या आत्या म्हणत होत्या. तिनं माझी हनुवटी वर केली. "कोनाची गो तू?"

"पाटलांची सून."

"कंच्या पाटलांची?"

"तुमच्याच!"

आता ह्यात मी खोटं काय बोलले, तुम्हीच सांगा!

पण तिकडं एकदम कुजबूज. एकीनं पिंकीला माझ्या मांडीवरनं उचललं, उजेडात धरलं. "नाक बग गो नाक! म्हाताऱ्याचाच हाय!" दुसरी म्हणाली, "म्हाताऱ्याचा नाय, दामूचा." पोर ह्या हातातनं त्या हातात. पिंकीनं जन्मात एवढी माणसं एकदम बघितली नव्हती. ती आपली खुदुखुदु हसतेय. आई रडतेय, पोर हसतेय, आणि सगळ्या बायका तिचं नाक मोजतायत!

दामू म्हणजे मयताचा एकुलता एक मुलगा. हे मला नंतर कळलं. आणि समोर एक गोरीशी बाई दगडासारखी बसली होती, ती दामूची बायको, सुगंधा. हेही नंतरच कळलं. तेव्हा मला एवढंच दिसलं की ही बाई माझ्याकडं असं बघतेय की आता उठून खाणार.

तेवढ्यात पुरुष परत आले. दारात पाण्याची बादली होती. पायावर पाणी घेऊन, तोंडात कडुलिंबाचं पान चावत एक माणूस आत आला. सुगंधा उठलीच.

"आले! बगा, तुमची दुसरी आयलीय. पोरीला घेऊन!"

"कोन दुसरी?" त्या बिचाऱ्याच्या तोंडातलं पान तोंडातच राहिलं.

आता भावकीतला मोठा पुरुष समोर आला की मी काय करणार? जे शिकवलंय तेच. पटकन डोक्यावर पदर घेतला आणि भिंतीकडं तोंड केलं.

"बगा, बगा!" सुगंधा ओरडली. "लाजते कशी!"

दामू म्हणाला, "आयेशप्पत, मी हिला जल्मात पायलेली नाय!"

मला वाटलं, वडील गेलेत, डोकं ठिकाणावर नसेल. भिंतीकडं तोंड करूनच म्हटलं, "असं काय करताय भावजी? मी आपल्यातलीच."

"ऐकलात?" सुगंधानं कपाळावर हात मारला. "आपल्यातलीच! मी कवापासून बोलते, हा मानूस कामावरून येताना कया थांबतो, कया थांबतो!"

"आगो, मी नाक्यावर पत्ते खेलतो!"

"पत्त्यांना पोर व्हते का?"

तेव्हा कुठं, खरंच सांगते, तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला की इथं काय समजलेत. पिंकी कुठं आहे ते बघितलं, तर ती पार पलीकडं कुणाच्या तरी मांडीवर त्यांच्या गळ्यातली पोत ओढतेय. मनात म्हटलं, आता ही पोरगी ठेवून घेतायत का काय!

आत्या म्हणाली, "भानगड नको. पोरी, तुज्या नवऱ्याचा नाव सांग."

झालं! आता आली का पंचाईत? नवऱ्याचं नाव! तेही एवढ्या मोठ्या माणसांपुढं! आमच्याकडं बाई मेली तरी असं सरळ नाव घेत नाही. मी मान खाली घातली.

"घेत नाय," सुगंधा म्हणाली. "कशी घेल? इथं उबा हाय ना तो!"

दामू रडकुंडीला आला. वडिलांसाठी आला नसेल एवढा. "बाय माजी, नाव घे गो! तुज्या पाया परतो!"

एवढा बाप्या माणूस पाया पडतो म्हणाला. मग मी काय करू? नाव तर घ्यायला पाहिजे, आणि सरळ तर घेता येत नाही. नवऱ्याचं नाव घ्यायची एकच रीत मला माहीत होती. मी डोळे घट्ट मिटले आणि म्हटलं,

"कंपनीचा भोंगा ऐकू येतो दुरून,
शंकररावांचं नाव घेते दुखवट्यात बसून!"



मी डोळे उघडले. समोर कोपऱ्यात, इतका वेळ जिच्याकडं माझं लक्षच नव्हतं, ती एक बारीकशी म्हातारी तोंडाला पदर लावून हलत होती. मला वाटलं, रडतेय. जवळच्या बायका घाबरल्या. "आये! आये, काय झालं?" ती मयताची बायको. तिनं पदर काढला. ती हसत होती!

"शंकर?" सुगंधा म्हणाली. "आमच्यान कोन शंकर नाय."

"गाव कंचा तुजा?" आत्यानं विचारलं.

"कराडकडचं."

"घाटावरची!" सगळ्या एकदम म्हणाल्या, आणि दामू तिथंच मटकन खाली बसला.

मग मयताचे धाकटे भाऊ पुढं आले, त्यांना तात्या म्हणत. ते माझ्यापुढं उकिडवे बसले, लहान पोराला समजवावं तसे. "बाय माजी, पाटील हा काय रक्ताचा नाव नाय गो. त्या कामाचा नाव हाय. गावाचा कारभार बगायचा, वसुली करायची, तंटा तोरायचा, त्याला पाटील बोलायचे. जेवरी गावा, तेवरे पाटील. आमी आदी भोईर. पनज्याला पाटीलकी गावली, मंग त्याची पोरा पाटील, त्यांची पोरा पाटील. ह्या बदलापुरान तू डोले मिटून धोंडा मार, पाटलाच्याच कौलावर परल. सगल्यांच्या मयतीला जाशील त तुला घरी जायाला टाइम गावाचा नाय!"

"म्हणजे आपण भाऊबंद नाही?"

"नाय गो."

"लांबचेसुद्धा नाही?"

तात्यांनी मान हलवली. वाईट वाटत होतं त्यांना, मी बघितलं ना. मयत त्यांच्या घरातलं, आणि वाईट त्यांना माझं वाटत होतं.

मी उठले. पिंकीला मागून घेतलं. तर त्या बारक्या म्हातारीनं, आयेनं, माझा हात धरला. मला ऐकू येईल न येईल एवढ्या आवाजात म्हणाली, "बेस रडलीस तू. माज्या पोरींपेक्षा बेस. खरा सांग, कोनासाटी रडत व्हतीस?"

काय सांगणार होते मी? तिनं माझ्याकडं बघितलं आणि सरकून बाजूला जागा केली. "बस. शेजारनं च्या आयलाय, पिऊन जा."

प्यायले. बिनदुधाचा, कपात गार झालेला. घरी आले आणि दार लावून पुन्हा एकदा रडले, ह्यावेळी लाजेनं.

आता हे पहिल्या पाळीचे, दुपारी आले, जेवले, झोपले. मी चकार शब्द काढला नाही. म्हटलं, जिरवून टाकू. दिवेलागणीला दार वाजलं. ह्यांनीच उघडलं. भाभी! डोक्यावर पांढरी ओढणी, हातात डबा. हात जोडून म्हणाल्या, "भाईसाब, बहुत अफसोस हुआ. घर में कौन गुज़रा?"

हे माझ्याकडं वळले. तोंड पांढरंफटक. एक नजर विझलेल्या देवघराकडं. "कोण गं? आई? अप्पा?"

"घाबरू नका," मी म्हटलं. "आपलं कुणी नव्हतं."

"मग कुणाचं होतं?"

सांगितलं. सगळं सांगितलं, उखाण्यासकट. ह्यांना हसावं का ओरडावं कळेना. भाभी जिन्यात उभ्या राहून डोळ्याला ओढणी लावून हसत होत्या. आणि त्यांच्या डब्यातली पालकाची भाजी आणि रोट्या आम्ही दोघांनी खाल्ल्या. सुतक नसताना सुतकाचं जेवण! चांगलं होतं हो पण.

जेवता जेवता ह्यांना विचारलं, "पाटील व्हायच्या आधी आपण कोण होतो?"

"मोहिते म्हणायचे आजोबा. का?"

म्हणजे बघा! ज्या आडनावासाठी मी परक्या मयतीत जाऊन गळा काढला, ते आमचं तरी कुठं होतं?

त्या दिवसापासनं मी तो रस्ताच सोडला. बाजाराला मागच्या बाजूनं लांबून जायची. मीठ संपलं तरी दोन दिवस अळणी खायचं. पुन्हा आम्ही दोघीच, मी आणि फुगे. पाटी दिसू नये म्हणून मान वळवायची, आणि वळवून वळवून मान दुखायची.

पण बेलवली गाव केवढं? असली गोष्ट लपते का? बाजारात गेले की बायका एकमेकींना कोपरानं ढोसायच्या. "ती बग, दामूची!" मासळीवाली तर तोंडावर म्हणायची, "काय गो दामूची, आज काय नेतेस?" पाटील म्हणून मला कुणीच ओळखत नव्हतं. तात्या म्हणाले तसं पाटलांना तोटा नव्हता ना! दामूची मात्र एकच. म्हणजे दोन. खरी ती, आणि मी.

एकदा हे कामावरनं आले, डबा ठेवला आणि गंभीरपणे म्हणाले, "मी कोण आहे ते मला आज कळलं."

"कोण?"

"मासळीवालीनं थांबवून विचारलं. तूच काय रे दामूच्या बायकोचा नवरा?"

मी पदरात तोंड लपवलं. हे म्हणाले, "हसू नकोस. उद्यापासनं त्या नावानं कुणी हाक मारली तर अजिबात ओ द्यायची नाही. ओ देतेस म्हणून चिकटतं."

म्हटलं, बरोबर आहे. नाही द्यायची.

दुसऱ्या दिवशी बाजारात गेले. पिंकी काखेत. कोथिंबिरीची जुडी बघत होते, आणि मागनं मोठ्यांदा हाक आली, "ए दामूचीऽऽ! ये गो, तुज्यासाटी काडून ठेवलेत बोंबील!"

मनात ह्यांचं बोलणं आलं, नाही असं नाही. पण खरं सांगू? कुणीतरी माझ्यासाठी काहीतरी काढून ठेवलंय, असं त्या गावात पहिल्यांदाच ऐकत होते. जुडी तशीच टाकली, आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं,

"आले गंऽऽ!"

वळून बघते, तर मासळीवालीपुढं पिशवी उघडून सुगंधा उभी.

हाक तिला मारली होती.